फणसाची आई

डोंगर उतरता उतरता जिथे दमतो आणि पाय पसरून बसतो, तिथे धामणखोल नावाचे गाव होते. तीस-चाळीस उंबऱ्यांचे. गावाच्या वरच्या अंगाला थोरली राई. ही राई कुणी लावली, कधीपासून उभी आहे, कुणालाच ठाऊक नव्हते. म्हातारी माणसे म्हणत, आधी राई होती. तिच्या सावलीला गाव मागाहून येऊन बसले. त्या राईच्या तोंडाशी, शेवटच्या दगडी गडग्याला लागून, कुडाच्या एका खोपीत श्रीदुर्वानाथ महाराज राहत असत.

महाराजांचा दरबार म्हणजे काय, तर समोर पानांचा ढीग आणि हातात माडाच्या हिराची काडी. दिवसभर महाराज पत्रावळी लावीत. कुणी दर्शनाला आले की आधी त्याच्या हातात पाने देत. "बसा. नमस्कार काय, तो कुठे पळत नाही. आधी चार टाके घाला," असे म्हणत. कुणाच्या घरी लग्न असो की श्राद्ध, पत्रावळी महाराजांच्या खोपीतून जात. त्या शिवण्याला गावातली कितीतरी माणसे बसत, आणि उठताना आपले दुःख तिथेच पानांत विसरून जात.

राईची रीत मात्र कडक होती. आपणहून गळलेल्या पानाखेरीज तिथली काडी उचलायची नाही. आत जाताना बोलायचे नाही. त्याला कारण होते. त्या राईत हाक मारली, तर पडसाद त्या क्षणी येत नसे. तो येई दुसऱ्या दिवशी, त्याच वेळी, त्याच जागी! एकदा एका गुराख्याने हरवलेल्या गाईला हाका मारल्या. गाय संध्याकाळी घरी आली, गोठ्यात रवंथ करीत बसली, आणि दुसऱ्या दिवशी राई आपली एकटीच हाका मारते आहे, "कपिले! अगो कपिले!" पोरे हसून लोळली. म्हाताऱ्यांनी मात्र हात जोडले. "राई कुणाचं काही ठेवून घेत नाही," ते म्हणाले. "घेतलेलं परत देते. फक्त तिच्या सवडीनं."

हाका परत येतात, हे सगळ्यांना ठाऊक होते. कुजबुजही परत येते, हे ठाऊक होते एकटीला. तिचे नाव चिमा. पण तिला कधी कुणी काही विचारलेच नव्हते.

चिमा ही धाकू नावाच्या गरीब माणसाची बायको. राईतली गळलेली पाने गोळा करायची, महाराजांच्या खोपीत बसून शिवायची, घरोघर पोचवायची, हे तिचे काम. गेल्या वर्षी तिला मुलगा झाला. सहा दिवस जगला. सटवीने पाचवीच्या रात्री कपाळी जे लिहिले, ते एवढेच होते. बाळ गेले, पण दुधाला कोण सांगणार? ते आपले येतच राहिले. छाती दगडासारखी झाली, अंगात ताप भरला. शेजारचे मूल रडले की हिची चोळी भिजे, आणि चोळी भिजली की हिला हुंदका येई. आईचे दूध पायदळी पडू देऊ नये, अशी गावाची रीत. म्हणून ती ते करवंटीत काढी, आणि मग त्या करवंटीकडे बघत बसून राही. कुठे टाकायचे ते तिला कळत नसे.

दहाव्या दिवशी ती करवंटी घेऊनच महाराजांकडे आली. नुसती पुढे ठेवली.

महाराजांनी हातातली पत्रावळ खाली ठेवली. त्यांनी करवंटीत पाहिले. त्यांचे डोळे भरून आले. मग ते उठले आणि म्हणाले, "चल, पोरी."

राईच्या मध्यावर एक म्हातारा फणस होता. चार माणसांनी हात धरले तरी कवेत न येणारा. त्याच्या मुळांच्या बेचक्यात राईची देवी पानजाई हिचा तांदळा होता, शेंदूर लावलेला, नाक ना डोळे, नुसता गोल दगड. महाराजांनी बोटाने फणसाचे मूळ दाखवले आणि हलकेच म्हणाले, "ह्याला दे."

"झाडाला?" चिमाने विचारले.

"भुकेल्याला. दुधाला कुठं ठाऊक असतं, ते कुणाचं आहे ते?"

तिने ओतले. मातीने ते असे ओढून घेतले, की चिमा बघतच राहिली. भुकेले मूल पहिला घोट घेते ना, तसे! त्या दिवशी तिचा ताप उतरला.

मग ती रोज सकाळी जाऊ लागली. दूध ओतताना ओठ मिटून, घशातल्या घशात, बाळासाठी जुळवलेली अंगाई गुणगुणे. शब्द नाहीत, नुसती हूं-हूं. आणि दुसऱ्या दिवशी ती तिथे पोचली की कालची गुणगुण हवेतून तिच्या भेटीला येई. कालची चिमा आजच्या चिमाला जोजवीत असे. तीन महिन्यांनी दूध आटले, तरी तिने जाणे सोडले नाही. करवंटीत पाणी नेई. फणसाला हात लावून येई. बस्स.

गावात मात्र ही गोष्ट हसण्यावारी गेली. आणि हसण्यात पहिला नंबर अंताजी खोतांचा.

खोतांचे घर मोठे, ओटी मोठी, आवाज त्याहून मोठा. चिमा पत्रावळींचा भारा घेऊन अंगणात आली की ओटीवरच्या माणसांना ऐकू जाईल असे ते म्हणत, "आली का फणसाची आई! काय गो, लेक बसायला लागला की नाही?"

ओटी हसे.

"बसेल कसा? जन्माचा उभाच तो! दात तरी आले का? नाही, अंगावर काटे तर आलेत भरपूर!"

पुन्हा हशा.

"अगो, फणसाला चीक काय कमी असतो, की तू आणि वर दूध घालतेस?"

चिमा भारा पायरीखाली ठेवी. ओटी चढायची तिच्यासारख्यांना मुभा नव्हती. पदर सारखा करी आणि निघून जाई. एकदा धाकू चिडला, तर तीच म्हणाली, "जाऊ दे हो. आई म्हनतात ना? शिवी थोडीच हाय ती."

भाविकहो, हे खोत काही दुष्ट नव्हते, बरे का. गर्विष्ठ माणसालाही काळीज असते. फक्त ते स्वतःच्या उंबऱ्याच्या आतच चालते. त्या साली त्यांची सून गिरिजा बाळंत झाली. आठव्याच महिन्यात. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. खोतांच्या घरात तीन पिढ्यांत मुलगी नव्हती. अंताजी खोत त्या एवढ्याशा जिवापुढे विरघळले. दिवसातून दहादा बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी येऊन विचारीत, "प्यायली का?" सुईणीने सांगून ठेवले होते, पोर नाजूक आहे, दर दोन घटकांनी अंगावर घ्यायची, एक वेळ चुकली तरी जड जाईल. गिरिजा बिचारी डोळ्याला डोळा न लावता तिला छातीशी धरून बसलेली असे.

आणि खोतांच्या मनाने घेतले: नातीच्या बारशाला पाळणा हवा, तो त्या म्हाताऱ्या फणसाच्या गाभ्याचा. सोन्यासारखे पिवळे लाकूड! असा पाळणा पंचक्रोशीत कुणाचा नसेल.

बाबल सुतार कानाला हात लावून म्हणाला, "खोतानू, एक तर ती राई. दुसरं म्हंजे ओलं लाकूड पाळण्याला चालत नाय. सा म्हैने सुकू दे."

"सहा महिन्यांत ती रांगायला लागेल! बारसं परवाच्या परवा. मला तोच फणस हवा."

गोष्ट महाराजांच्या कानावर गेली. खोत स्वतःच आले. उभ्यानेच म्हणाले, "महाराज, मी रीत सोडून काही करत नाही. पानजाईला कौल लावतो. तिनं हो म्हटलं तर तुमची हरकत नसावी."

महाराज टाका घालता घालता म्हणाले, "कौल जरूर लावा. पण कौल लावणाऱ्यानं नकारही घरी न्यायची तयारी ठेवावी हो, अंताजी. ठेवली आहे का?"

खोत हसले आणि निघून गेले.

कौलाची पद्धत अशी: मागणाऱ्याने एकट्याने आत जायचे, तगरीच्या दोन कळ्या पाण्यात भिजवून तांदळ्याच्या उजव्या आणि डाव्या अंगाला लावायच्या, बाहेर यायचे. घटकाभराने गावाने आत जाऊन बघायचे. उजवी कळी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार.

उन्हे कलताना खोत आत गेले, बाहेर आले. घटकाभराने गाव आत गेले. उजवी कळी खाली पडलेली होती! डावी जागच्या जागी.

सगळ्यांनी हात जोडले. चिमा मागे उभी होती. तिने फणसाकडे पाहिले. तिथून ती धावतच महाराजांकडे गेली. "महाराज, देवीनं हो म्हटलं! आता?"

महाराज टाके घालीत राहिले. एक पत्रावळ शिवून झाली, दुसरी झाली. मग एवढेच म्हणाले, "उद्या तुझी करवंटी रिकामी आण."

दुसऱ्या दिवशी सूर्य वर आला तसा बाबल सुतार कुऱ्हाड घेऊन फणसापाशी उभा राहिला. खोत होते, दहा-बारा माणसे होती. बाबलने रीतीप्रमाणे झाडाला हात लावून मनात क्षमा मागितली, पाखरांना उठून जायला सांगितले, आणि पहिला घाव घातला.

एकच घाव.

आणि राईत तान्हे मूल रडले.

माणसांनी एकमेकांकडे पाहिले. कुणाच्याच कडेवर मूल नव्हते. "ट्यांहा... ट्यांहा..." आवाज खोडातून येत होता! बाबलच्या हातून कुऱ्हाड गळून पडली. घावातून पांढरी धार लागली होती.

"चीक आहे तो, चीक!" खोत ओरडले. "फणसाला चीक नाही तर काय केशर येणार? घे कुऱ्हाड!"

बाबल जागचा हलेना. तेव्हा खोतांनी पुढे होऊन त्या धारेत हात घातला, चीक कसा बोटाला बोट चिकटवतो ते दाखवायला. बोटे चिकटली नाहीत. धार कोमट होती. खोतांनी बोट जिभेला लावले, आणि त्यांच्या तोंडचा रंगच गेला.

ते दूध होते. आईचे दूध.

त्याच क्षणी खाली गावात काय झाले म्हणता? लेकुरवाळ्या बायका कुणी चुलीपाशी होत्या, कुणी विहिरीवर, कुणी शेणात हात घालून. प्रत्येकीला वाटले, आपलेच मूल रडले! रडणे कानी आले की पान्हा फुटतो, त्याला आईची परवानगी लागत नाही. सगळ्यांच्या चोळ्या एकदम भिजल्या. गोठ्यांत गाईंच्या सडांतून धारा आपोआप सुटल्या, शेळ्यांच्या सुटल्या, अंगणात पिल्लांना घेऊन पडलेली कुत्री दचकून उठली. बायका धावत घरात आल्या, मुलांना पदराखाली घेतले. मुले चोखू लागली, आणि तोंड सोडून किंचाळली. थेंब नव्हता. छाती अशी रिकामी, जशी कधी भरलीच नव्हती. गाव धुंडाळले, गावात कुठल्याही आईपाशी दुधाचा एक थेंब उरला नव्हता!

वर राईत फणस रडतच होता, आणि धार वाहतच होती.

खोत घरी पोचले तेव्हा गिरिजा दारात उभी होती. पांढरीफटक. "मामंजी," ती म्हणाली, "दूध गेलं माझं." एवढेच. एरवी सासऱ्यापुढे तोंड वर करून न बोलणारी ती सून!

साखरेचे पाणी बोळ्याने घातले, ते ओठांच्या कडेने बाहेर आले. पेज गाळून घातली, तीही बाहेर. शेजारच्या गावी दूध आणायला दोन माणसे दौडली. पण डोंगर चढून-उतरून यायचे म्हणजे दिवस मावळणार. दोन घटका गेल्या, चार गेल्या. पोर आधी रडली. मग कण्हली. दुपार टळेतो तिचे रडणे नुसते ओठांवर उरले, आवाज येईना. ओठ सुकले, टाळू खोल गेली. सुईणीने तोंड फिरवले.

गिरिजाने ते पाहिले. नऊ दिवसांची ओली बाळंतीण, डोक्याला फडके, पायात त्राण नाही. पोर छातीशी धरली आणि उंबरा ओलांडून निघाली. खोत "अगो, विटाळ! राईपाशी नको!" म्हणेपर्यंत ती पाणंदीला लागली होती. तिला पाहून आणखी एक आई निघाली, मग दुसरी. गावातल्या साऱ्या आया आपापली भुकेली मुले घेऊन महाराजांच्या खोपीकडे चढू लागल्या. मागून पुरुष. आणि सगळ्यांच्या मागे, अनवाणी, अंताजी खोत.

महाराज खोपीबाहेर उभेच होते. गिरिजा थबकली. "मला विटाळ आहे, महाराज."

"आईला कसला विटाळ? ये बाळ, आत ये," महाराज म्हणाले, आणि तिच्या पुढे होऊन तिला राईत घेऊन गेले.

फणसाभोवती गाव उभे राहिले. खोडावरून पांढरा ओहोळ येऊन पानजाईच्या तांदळ्याभोवती थारोळे साचले होते. रडून रडून दमलेले मूल मधेच गप्प होते, हुंदका घशात धरून पडते; तसा फणस त्याच क्षणी गप्प झाला. आणि गिरिजाच्या हातातली मुलगीही गप्प झाली. पान हलेना. शंभर माणसे, पण श्वास ऐकू येत नव्हता. उन्हे कलली होती.

त्या शांततेत, पानजाईच्या दगडापासून, हलक्या आवाजात कुणीतरी बोलले:

"डावी कळी चिकानं बसवली आहे, माय. तुझ्याच फणसाच्या. आता बघतो नाही कशी म्हणतेस."

आवाज अंताजी खोतांचा होता. आणि अंताजी खोत तर तांदळ्यापासून वीस हात दूर, तोंड मिटून उभे होते!

गावाच्या माना एकदम वळल्या. काल ह्याच वेळी, ह्याच जागी, खोत एकटे आत आले होते. बाबल सुताराने वाकून पाहिले. डावी कळी सुकून काळी पडली होती, तरी दगडाला घट्ट चिकटून होती, आणि तिच्या मुळाशी चिकाचा पिवळा वाळका थेंब होता. बायांच्या डोळ्यांत नुसता धक्का होता. देवीला? देवीला फसवले?

खोत मातीत बसले. "महाराज, देवी कोपली! शिक्षा मला द्या म्हणावं. मला न्या म्हणावं. त्या पोरीनं काय केलं? गावातल्या पोरांनी काय केलं?"

"कोण कोपलं?" महाराज म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मूल रडलं, की दूध त्याच्याकडे धावतं. फणसाला लागलं, फणस रडला, साऱ्या गावाचं दूध त्याच्याकडे धावलं. शिक्षा कुठली ह्यात? तो रडतोय, त्याला समजवायला हवं. एवढंच."

"कोण समजवील झाडाला?"

महाराजांनी मागे पाहिले. गर्दीच्या शेवटी, रिकामी करवंटी हातात घेऊन, चिमा उभी होती.

"ज्याचं त्यालाच कळतं," महाराज म्हणाले. "चिमा, बघतेस काय? पोर रडतंय तुझं."

चिमा वाट काढत पुढे आली. एरवी माणसांत मान वर न करणारी ती, आज तिला माणसे दिसतच नव्हती. फणसापाशी जाऊन तिने त्या घावाकडे पाहिले आणि "अगं बाई गं," असे म्हणाली, जसे आई मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्याकडे बघून म्हणते. फणसाने दबलेला हुंदका दिला. मग तिने आपला पदर सोडला, घावावर पांघरला, आणि आपली कधीची कोरडी छाती त्या खोडाला लावली. एका हाताने साल थोपटू लागली. ओठ मिटून, घशातल्या घशात.

हूं-हूं... हूं-हूं...

हुंदका आला. मग लांबला. मग उचकी. धार बारीक झाली, थेंब थेंब झाली, थांबली. फणसाच्या पानांतून एक सुस्कारा गेला. लेकुरवाळ्या बाईला विचारा, तो सुस्कारा कसा असतो; मूल खरोखर झोपले, की मगच तो येतो.

आणि गर्दीतून एक आई हसत-रडत ओरडली, "आलं! माझं दूध आलं!" मग दुसरी. बायका जिथल्या तिथे बसल्या, मुलांना पदराखाली घेतले, आणि राईभर चुटचुट आवाज सुरू झाला. गिरिजालाही पान्हा फुटला. तिने घाईघाईने मुलीच्या ओठांना लावले.

मुलगी ओढेना.

तिच्यात ओढण्याएवढा जीवच उरला नव्हता. दूध दारात आले होते, पण दार उघडायला बळ नव्हते. गिरिजाने करुण नजरेने वर पाहिले. खोतांनी ते पाहिले, आणि तो एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा ओठ दुमडून रडू लागला.

तेवढ्यात चिमा "महाराज!" म्हणून दचकून मागे वळली. तिची चोळी भिजली होती. इतक्या महिन्यांनी! भिजली म्हणजे किती? पदर भिजला, लुगडे भिजले, थेंब पायांवर पडू लागले. तीन महिने रोज जे ओतले होते, ते सारे एकदम परत आले होते. ह्या दुधाला ओढायची गरज नव्हती. ते आपणहून वाहत होते.

"राई काही ठेवून घेत नाही, पोरी. म्हणून तर करवंटी रिकामी आण म्हटलं," महाराज म्हणाले.

चिमा मांडी घालून बसली. तिने हात पुढे केले नाहीत. खोतांच्या घरची मुलगी तिने मागायची कशी? ती नुसती बसली आणि वाट पाहिली. गिरिजा उठू लागली, तिला उठवेना. तेव्हा अंताजी खोत उठले. ज्या हातांनी कळी चिकटवली होती, त्या हातांनी त्यांनी आपली नात उचलली, आणि ज्या बाईला कधी ओटी चढू दिली नव्हती, तिच्या मांडीवर आणून ठेवली.

चिमाने मुलीचे डोके कोपरात घेतले. थेंब ओठांवर पडला. दुसरा पडला. कडेने ओघळला. तिसरा. चिमाने करंगळीने हनुवटी हलकेच खाली केली. चौथा थेंब आत गेला.

सगळे गाव त्या एवढ्याशा गळ्याकडे बघत होते.

गळा हलला.

मग पुन्हा हलला. थोड्या वेळाने बारीक मूठ वर आली आणि चिमाच्या चोळीची कड तिने धरली.

खोत महाराजांच्या पायांवर पडायला गेले. महाराजांनी पाय मागे घेतले. "इथं नव्हे, अंताजी. तिथं."

खोत वळले. "फणसाची आई" म्हणून वर्षभर ज्या नावाने हसले होते, तेच नाव त्यांच्या तोंडी आले, पण आता त्यात हसू नव्हते. चिमाच्या पायांपाशी त्यांनी कपाळ मातीला टेकले आणि मोठ्याने हंबरडा फोडला, "माय! चुकलो गो माय! फणसाची आई, पदरात घे!"

चिमाने ओठांवर बोट ठेवले.

"हळू, खोतानू," ती कुजबुजली. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."

खोतांनी हुंदका तोंडात कोंबला. त्याच वेळी तांदळ्यावरून काहीतरी टपकन खाली पडले. ती डावी कळी होती. देवीने आपले "नाही" शेवटी सांगितले, आणि खोतांनी ते उचलून कपाळाला लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाने दारे लावून घेतली, कान झाकले. राईतून कुऱ्हाडीचा तो एक घाव आणि ते रडणे परत येणार होते. आले. मुले आयांना बिलगली. पण उन्हे कलली तसे गाव आपणहून फणसापाशी जमले. आधी हवेतून चिमाची अंगाई आली, हूं-हूं, हूं-हूं. मांडीवरची कितीतरी मुले त्यावर झोपली. आणि मग, झाडांना हलवून टाकणारा तो हंबरडा: "माय! चुकलो गो माय!"

गावातले कुणी खोतांकडे पाहिले नाही. पाहायची गरज नव्हती. अंताजी खोत आधीच कपाळ मातीला टेकून पडले होते, आणि आपलाच आवाज संपेपर्यंत त्यांनी ते उचलले नाही.

बाराव्या दिवशी त्या मुलीचे बारसे राईतच झाले. लाकडाचा पाळणा नव्हता. चिमाच्या जुन्या लुगड्याची झोळी फणसाच्या फांदीला बांधली होती, आणि तिची दोरी पहिल्यांदा चिमाने ओढली. फणसाचा घाव तोवर मिटला होता. तिथे दूध पिऊन झोपलेल्या बाळाच्या ओठांसारखी एक वळी तेवढी राहिली होती. त्या दिवसापासून धामणखोलात पहिलटकरणीने आपल्या दुधाची पहिली करवंटी त्या वळीखाली ओतायची, अशी रीत पडली. आणि ओतताना बोलायचे नाही.

दुर्वानाथ महाराजांनी त्या दिवशी बारशाच्या जेवणाला स्वतः पत्रावळी मांडल्या. पहिली त्यांनी फणसापुढे मांडली, आणि दुसरी फणसाच्या आईपुढे. वाढायला अंताजी खोत वाकले होते.